दोन बरण्यांची चटणी

आमच्या घरात मासळी नसलेलं जेवण दोनच वेळा व्हायचं: कोणी आजारी असेल तेव्हा, नाहीतर देवाचा वार असेल तेव्हा. म्हणून चार वर्षांपूर्वी मी जेव्हा सांगितलं की यापुढे मासे, मटण, अंडी, दूध, दही, तूप यातलं काही खाणार नाही, तेव्हा आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग विचारलं, "कोनचा देव?"

"कोणताच नाही."

"किती दिवस?"

"कायम."

आईने माझ्या ताटातला मासळीचा तुकडा उचलून बाबांच्या ताटात ठेवला. बाबा म्हणाले, "आंदोलन हाय. बसू दे उपोशनाला. दोन दिवसांत सुटंल."

बाबांना तसं वाटणं साहजिक होतं. आमचं गाव खाडीकाठचं, आगरी लोकांचं. त्या जागेवर आता विमानतळ आहे आणि आम्ही उलव्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाव उठेपर्यंत बाबा जमिनीच्या कमिटीत होते. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. मोठ्या टायपातलं आधी, बारीक टायपातलं नंतर. जेवणं झाली की ताटं उचलायची आणि त्याच जागी बसून पत्रकांच्या घड्या घालायच्या. बाबा सांगायचे, पत्रकात तीन गोष्टी पाहिजेत: अन्याय कोणावर झाला, कोणी केला, आणि वाचणाऱ्याने उद्या सकाळी काय करायचं. चौथी गोष्ट लिहिली की लोक त्या कागदात भेळ बांधतात.

पुढे मी तीच फूटपट्टी जनावरांना लावली. त्याचं निमित्त माझी नोकरी. बेलापूरला एका छोट्या संस्थेत आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी वाचनपुस्तिका तयार करतो. गाईवरच्या एका पुस्तिकेसाठी मी दोन दिवस एका गोठ्यात बसले होते. 'गाय आपल्याला दूध देते' असं एक वाक्य पुस्तिकेत जायचं होतं. गाय काही देत नव्हती, तिच्याकडून घेतलं जात होतं. तिचं वासरू गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, तोंडाला मुसकं बांधून उभं होतं. मी वाक्य बदलून दिलं. संस्थेने ते पुन्हा होतं तसं केलं. मी संस्थेत राहिले आणि दूध सोडलं. दूध सोडल्यावर मासे चालू ठेवणं मला जमलं नाही, कारण मग तीन गोष्टींचं पत्रक लिहिता आलं नसतं.

मासे सोडणं दुधापेक्षा फार अवघड गेलं. त्याबद्दल मी खोटं सांगणार नाही.

आईने पंधरा दिवस वाट बघितली, मग कामाला लागली. तिची कल्पना साधी होती: मासळी गेली म्हणून मासळीचा मसाला कुठे जात नाही. सुरणाचे काप चिंचेच्या पाण्यात मुरवून, आमचा लाल मसाला चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. कच्च्या केळ्याचे तसेच. वालाचं बिरडं नारळाच्या दुधात. कोळंबीच्या कालवणातून कोळंबी काढली की शेवग्याच्या शेंगा उरतात, सुक्या बोंबलाच्या कालवणातून बोंबील काढला की वांगं उरतं. तांदळाची भाकरी होतीच, तिला कोणाचं काही लागत नाही. फसला तो चहा. एकदा तिने तोही नारळाच्या दुधात केला. बाबांनी घोट घेऊन कप खाली ठेवला. "ह्याला चहा म्हनायचं कं आमटी?" तेव्हापासून मी कोराच पिते, गवती चहा घालून.

व्हीगन हा शब्द आईने कधी उच्चारला नाही. ती 'तुझा नेम' म्हणायची. मी दोन-चारदा समजावलं की हा नेम नाही, विचार आहे. ती म्हणाली, "तेच ते."

त्याच सुमारास मी 'दूध कोणाचं?' असं एक पानाचं पत्रक लिहिलं आणि आमच्या बिल्डिंगच्या गेटवर उभं राहून वाटलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून मेसेज यायचा की लिफ्टमधून मच्छी नेताना झाकून न्यावी, इतरांना त्रास होतो. मेसेज टाकणारे तेच लोक पत्रक घेऊन दारात आले. सेक्रेटरी म्हणाले, "दुधाबद्दल असं लिहिता? आम्ही प्युअर व्हेज लोक आहोत."

"म्हणूनच तुम्हाला दिलं," मी म्हणाले.

आईने मला आत ओढलं. पण खरा राग मला नंतर आला, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तू मच्छी सोडलीस ना? छान. सुधारलीस." मासे सोडल्यापासून पहिल्यांदा मला मुद्दाम बोंबील खावासा वाटला. माझं सोडणं आणि त्यांचं सोवळं यात काही नातं नाही. कोणाच्या हातचं चालतं, कोणाचं भांडं वेगळं, कोणाला फ्लॅट द्यायचा नाही, हे त्यांचे प्रश्न. माझा प्रश्न ताटात कोण मेलं एवढाच होता. हे मी तेव्हा फार ठामपणे मानत होते, आजही मानते. पुढचं जे झालं ते या ठामपणातूनच झालं.

महिन्यातून एकदा चार-पाच दिवस आमचा दौरा असतो. पुस्तिका शाळांत कशा वापरल्या जातात ते बघायला एसटीने जायचं, पुढे मिळेल त्या गाडीने. दौऱ्यावर माझ्याबरोबर असतात त्या माझ्या वरिष्ठ. मी त्यांना मॅडम म्हणते. पन्नाशीच्या, सोलापूरकडच्या, ज्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही अशा घरातल्या. मुलांशी बोलताना त्या खाली जमिनीवर बसतात. माझ्याशी बोलतानाही त्यांनी कधी उंच खुर्ची घेतली नाही. मी आगरी आहे हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग तुमच्याकडे तांदळाची भाकरी फुटत नाही ती कशी?"

बाहेर खायचं म्हणजे माझं काम सुरू व्हायचं.

"दादा, भाकरीला तूप, लोणी काही लावू नका."

"नाही लावत."

भाकरी यायची ती चमकत.

"हे काय आहे?"

"तूप नाही ताई. बटर आहे."

डाळीची फोडणी विचारली की "तुपाची हाय, एकदम प्युअर, काळजी नको." एका ठिकाणी मालक स्वतः आले आणि भाकरीवरचं तूप कागदी रुमालाने पुसून, "आता चालेल?" म्हणाले. एका ढाब्यावर आचारी खरोखर काळजीत पडला. "दूध नाही, दही नाही, पनीर नाही. मग तुम्ही जगता कशावर?" त्याने ज्वारीची भाकरी, खर्डा, फोडलेला कांदा आणि तेलातलं पिठलं आणून ठेवलं आणि मी अर्धी भाकरी संपवेपर्यंत हात बांधून उभा राहिला. असं जेवण मी पुष्कळ ठिकाणी जेवले आहे आणि त्याला तोड नाही.

मॅडम हसायच्या. "अगं, तू ऑर्डर देतेस का उलटतपासणी घेतेस?"

मला काहींनी सुचवलं होतं, दुधाची अॅलर्जी आहे असं सांग, लोक लगेच ऐकतात. मी ते कधी सांगितलं नाही. खोटं बोलून मिळालेली भाकरी मला नको होती. आपल्या पोटात काय जातं हे माणसाला कळलंच पाहिजे, असं मी दुसऱ्या पत्रकात लिहिलं होतं. बिस्किटात काय, पावात काय, औषधाच्या कॅप्सूलमध्ये काय. शेवटचं वाक्य असं होतं: 'न सांगता खाऊ घालणं ही फसवणूक आहे.'

गेल्या वर्षी मी ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. गोळ्यांनी पोट बिघडलं. आठवड्यात मी त्या बंद केल्या आणि पालेभाज्यांतून भरून काढीन असं घरी जाहीर केलं. पुढच्या दौऱ्याला निघताना आईने सुक्या चटणीच्या दोन बरण्या दिल्या. सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची, धणे, थोडी चिंच. कुठेही भाकरी मिळाली की झालं. एका बरणीचं झाकण लाल होतं, दुसरीचं हिरवं.

"लाल तुझी. हिरवी मॅडमची."

"त्यांची वेगळी कशाला?"

"असू दे. वेगली बरी."

मला कळलं असं वाटलं. आपली मुलगी घरातलं खाते, पण 'त्या लोकांना' वेगळं काढून द्यायचं, स्वच्छ हाताने, स्वच्छ भांड्यातून. पिढ्यानपिढ्या ऐकून घेतलेलं, आता स्वतःच पाळायला लागलेलं. "विटाळ होतो का त्यांना आपला?" मी विचारलं. आई म्हणाली, "तोंडाला लागू नको. दोन नीट ठेव."

मुक्कामाला पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते हे की दोन्ही बरण्या एका डब्यात ओतल्या आणि चमच्याने ढवळल्या. मॅडमना सांगितलंही, "आमच्याकडे वेगळं काही नसतं. एकाच डब्यातलं खाऊ." त्यांना आवडलं. चटणीही आवडली. मी अभिमानाने म्हणाले, हिला आमच्या घराचा वास येतो. प्रत्येक दौऱ्याला आई दोन बरण्या द्यायची आणि प्रत्येक दौऱ्याला मी त्या एक करायचे. परत आल्यावर आई विचारायची, "मॅडमना आवडली कं?" मी सांगायचे की मागून घेतली. आई तिच्या बहिणीला फोनवर सांगायची की सोलापूरच्या बामनीन बाई माझ्या हातचं खातात. मॅडम ब्राह्मण नाहीत. ते मी दुरुस्त करायचे, आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आठव्या दौऱ्यात आम्ही सांगोल्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका हॉटेलात जेवत होतो. दुपार होती. मी नेहमीची चौकशी करून कोरडी भाकरी मिळवली होती. मॅडमनी चटणी ताटात घेतली, तेल घातलं, बोटाने कालवली आणि थांबल्या.

"यात काळे तीळ घालतात का गं तुझ्या आई? आज दिसले."

मी बघितलं. तेलात दोन काळे ठिपके होते, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामागे पारदर्शक, वाकडा, नखाएवढाही नसलेला एक तुकडा. मिक्सरमधून सुटलेला. मी लहानपणी अंगणात चटईवर जवळा वाळत घातलेला राखत बसायचे, कावळे हाकलत. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. ढीगभर जवळा पसरला की त्यात दिसतात ते फक्त डोळे. हजारो काळे ठिपके, दोन-दोनच्या जोडीने.

"हो," मी म्हणाले. "तीळ."

मॅडमनी तो घास घेतला.

मी पुढे जेवले नाही. पित्त झालंय म्हणाले. मुक्कामी पोचल्यावर डबा बेसिनमध्ये रिकामा केला आणि तो हातातून सांडला असं सांगितलं. मॅडम हळहळल्या. "अरेरे. आईंनी किती निगुतीने केलेली असते. त्यांना सांगू नको हं, वाईट वाटेल." उरलेले दोन दिवस आम्ही शेंगदाण्याची चटणी विकत घेऊन खाल्ली. मी वेटरना काही विचारलं नाही. मॅडमना वाटलं माझी तब्येत ठीक नाही.

घरी आले तेव्हा आई कोथिंबीर निवडत होती. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते. मी पिशवी खांद्यावरून न काढता विचारलं, "चटणीत जवळा आहे?"

आईचा हात थांबला नाही. "लाल झाकनाच्या."

"किती?"

"चिमूटभर. भाजून, पूड करून. ह्या वेलेला मिक्सरचं पातं बोथट झालंय."

"कधीपासून?"

"तू जिन्यात पडलीस तवापासून. गोल्या तुना सोसल्या नाय. पाल्यानं काय रक्त व्हतं इतक्या लवकर? बालंतिनीला जवला देतात आपल्यात."

मी बरंच बोलले. त्यातलं सगळं आठवत नाही, आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. फसवणूक हा शब्द तीन-चारदा आला. आई जुडी संपेपर्यंत निवडत राहिली. मग म्हणाली, "नेम मोडला नाय तुझा. उगाच रडू नको."

"म्हणजे?"

"तो मी धरलाय."

आमच्याकडे ही रीत आहे. ज्या बाईचा उपवास किंवा नेम चालू आहे ती आजारी पडली, गरोदर राहिली, तर घरातली दुसरी बाई तो आपल्या अंगावर घेते. पहिली जेवते, दुसरी धरते. नेम घरात राहतो, कोणाच्या पोटात राहतो ते देव बघत नाही. मी पोटात होते तेव्हा आईचे सोमवार माझ्या आत्याने धरले होते, हे मी शंभरदा ऐकलं होतं. माझ्या बाबतीत असं काही होऊ शकतं हे डोक्यात आलं नव्हतं, कारण माझ्या मते माझा नेम नव्हता, विचार होता. आणि विचार दुसऱ्याला धरायला देता येत नाही.

"तू मासे सोडलेस?"

"तू सोडलंस ते समदं. दूध पन. चहा बघत नाय कं माझा, काला?"

मी बघितला नव्हता. बाबा बाहेरून म्हणाले, "आठ म्हयने झाले. पुतन्याच्या हलदीला मटन सोडून वरन-भात खाऊन आली. लोकांना सांगते पित्त हाय."

"तुम्ही मला बोलला नाहीत?"

"तू कवा विचारलंस?"

जगात कुठल्याही हॉटेलात भाकरीवरचं तूप मला तीन फुटांवरून दिसतं. आठ महिने मी आईच्या समोर बसून जेवत होते. ती बाबांना मासळी वाढायची आणि स्वतः माझ्या भांड्यातलं सुरण घ्यायची. मला वाटायचं तिला ते आवडायला लागलं.

मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. बरण्या एक केल्याची. प्रत्येक वेळी. काड्या गोळा करता करता आता तिचा हात थांबला.

"मॅडमनी खाल्ला?"

"आठही वेळा. आणि या वेळी त्यांना डोळे दिसले. त्यांनी विचारलं, काळे तीळ का? मी हो म्हणाले."

आईने काड्या खाली ठेवल्या. "मी म्हनून वेगली भरत व्हते गो. धुतलेल्या मिक्सरात आधी तिची वाटायची, मग तुझी. तुना सांगितलं व्हतं, दोन नीट ठेव."

"उद्या सांगते त्यांना."

"नको." ती एकदम उठली. "नको सांगू. पन्नास वर्सं जपलंय तिनं. तिला म्हाईत नाय तोवर तिनं खाल्लं नाय. तू सांगितलंस की खाल्लं. कशाला खायला घालतेस?"

हा मुद्दा माझ्या कुठल्याही पत्रकात बसत नव्हता. मी दोन आठवडे त्याच्याशी झगडले. आईचं म्हणणं दयाळू होतं, आणि माझ्या सोयीचं होतं. ज्या गोष्टी एकाच वेळी दयाळू आणि सोयीच्या असतात त्यांच्याबद्दल मला शंका येते. सांगितलं तर मॅडमचं काहीतरी कायमचं मोडणार होतं, आणि आईच्या हातचं त्या कधी खाणार नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या काकू जे म्हणतात ते खरं ठरणार होतं, की या लोकांच्या घरचं खाल्लं तर असंच होतं. नाही सांगितलं तर रोज टेबलापलीकडे बसणारं माणूस आयुष्यभर माझ्या 'हो'वर विश्वास ठेवणार होतं. पुढचा दौरा जवळ आला. मॅडमनी विचारलं, "या वेळी देतील ना आई चटणी?"

मी त्यांना ऑफिसखालच्या टपरीवर घेऊन गेले. कोरा चहा सांगितला.

"मॅडम, ते काळे तीळ नव्हते."

"कुठले?"

"चटणीतले. जवळा होता. सुकवलेली बारीक कोळंबी. तुम्ही जे बघितलं ते तिचे डोळे होते."

त्यांनी ग्लास फळीवर ठेवला. मी सगळं सांगितलं: लाल झाकण, हिरवं झाकण, डबा, माझं ढवळणं, आईने माझ्या जागी धरलेला नेम. आईने त्यांची वेगळी भरली होती हे दोनदा सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही. त्यांनी टपरीवाल्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, रस्त्याच्या कडेला गेल्या आणि चुळा भरत राहिल्या. रिक्षावाले बघत होते. तांब्या संपल्यावर दुसरा मागितला. मग वर जाऊन पर्स घेतली आणि घरी गेल्या.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. घरी त्यांनी काय केलं, कोणाला सांगितलं, मी विचारलेलं नाही. तिसऱ्या दिवशी आल्या, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"आईंनी स्वतः सोडलं, असं म्हणालीस ना? तुझ्या जागी?"

"हो."

"माझ्या सासूबाईंनी माझी चतुर्थी धरली होती, मला टायफॉइड झाला तेव्हा." त्या म्हणाल्या. "तुझ्या आईंचं मला कळतं. त्यांनी माझं वेगळं भरलं, म्हणजे माझं जपलं. तू ते ओतलंस, ते अजाणता. तेही सोडून दिलं. पण तू ते डोळे ओळखलेस. माझा हात तोंडाकडे जात होता आणि तू बघत होतीस. आणि तू हो म्हणालीस. हे मला नाही कळत."

मलाही ते नीट सांगता आलं नाही. 'मला आईची लाज वाटली' असं म्हणाले असते तर ते अर्धं खरं झालं असतं. उरलेलं अर्धं असं होतं की बरण्यांबाबत मीच चुकले होते, आणि ते त्या टेबलावर, त्या क्षणी, मला कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "घाबरले."

"हॉटेलवाल्यांना ती सवलत देत नाहीस तू," त्या म्हणाल्या आणि पुस्तिकांचा गठ्ठा पुढे ओढला.

घरी आई दारातच होती. "काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, तू त्यांचं जपलंस."

"रागावल्या नाय?"

"तुझ्यावर नाही."

आईने पदराने तोंड पुसलं. तिला बरं वाटलं होतं आणि ते मला दिसू नये असंही वाटत होतं. "आनि तुझ्यावर?"

"आहेत."

"असू दे. तेवढा राग पायजे." मग आत जाता जाता, "आता खानार नाय ना आपलं?"

"नाही."

"नायच खानार," ती म्हणाली, आणि भांडी लावायला लागली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावली.

मी तिला म्हणाले, माझा नेम मला परत दे. नेम हा शब्द मी पहिल्यांदा वापरला. ती म्हणाली, "रक्त बघून ये. मग देते." मी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, या वेळी लिंबूपाण्याबरोबर, जेवल्यावर. पोट बिघडलं ते बिघडू दिलं. अळीव भिजवून खाल्ले, नाचणी खाल्ली. चटणी स्वतः वाटायला शिकले. अडीच महिन्यांनी रिपोर्ट नीट आला. बाबांनी तो चष्मा लावून पत्रक वाचतात तसा पूर्ण वाचला, बारीक टायपसुद्धा, आणि आईला सांगितलं, "सुटलीस."

त्या रविवारी आईने मांदेली तळली. मी ती आणून दिली नाही, साफ करून दिली नाही. ते मला करायचं नव्हतं आणि तिने सांगितलंही नाही. मी समोर बसून वालाचं बिरडं खाल्लं. तिने पहिला मासा डोक्यासकट चावला आणि डोळे मिटले. ती चूक करत आहे हे माझं मत त्या वेळीही होतं. ते मी बोलले नाही, आणि तिच्या ताटावरून नजरही काढली नाही.

मॅडम अजून माझ्याबरोबर दौऱ्यावर येतात. त्यांना दुसरी जोडीदारीण मागता आली असती, मागितली नाही. मुलांच्या घोळक्यात त्या पूर्वीसारख्याच खाली बसतात, मला पुस्तिका पुढे करायला सांगतात, माझ्या वाक्यांवर पेन्सिलीने खुणा करतात. जेवताना मात्र त्यांचा स्वतःचा डबा असतो. परवा आम्ही कराडच्या पुढे एका हॉटेलात बसलो. मी वेटरला विचारलं, आमटीत काय काय आहे. त्याने सांगितलं. मी मॅडमना म्हणाले, "यात काही नाही, तुम्ही घेऊ शकता."

मॅडमनी त्याला थांबवलं. "जरा परत सांगा हो. काय काय आहे?"

वेटरने माझ्याकडे बघितलं.

"त्यांना सांगा," मी म्हणाले.